फोर्स फीडबॅकचे स्प्रिंग, डॅम्पर, कॉन्स्टंट : हिशेब कोण करतं? गेम, ड्रायव्हर की चाकातला बोर्ड?

घाटवळण

घरी बांधलेल्या गेमिंग स्टिअरिंगचं फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) लिहितोय. गेममधलं बळ मोटरने हाताला जाणवून देणं, म्हणजे फोर्स फीडबॅक, हे त्याचं काम. हार्डवेअर असं आहे: आर्डुइनो लिओनार्डो, बीटीएस७९६० चा मोटर ड्रायव्हर बोर्ड, २४ व्होल्टची ब्रश असलेली डीसी मोटर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मोटरपासून शाफ्टपर्यंत टायमिंग बेल्ट, गुणोत्तर १:६. स्टिअरिंगच्या शाफ्टवर थेट ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर. चारही कडा मोजतो, म्हणजे एका फेरीत २४०० काउंट. रिमवर कमाल टॉर्क ५ न्यूटन-मीटरच्या आसपास मिळतो. डिस्क्रिप्टर (चाक संगणकाला स्वतःची ओळख देतं तो तक्ता) यूएसबी पीआयडीचा, म्हणजे फोर्स फीडबॅक उपकरणांच्या यूएसबी मानकाचा आहे, त्यामुळे विंडोज वेगळा ड्रायव्हर न टाकता चाक ओळखतं.

अडतंय ते इथे:

१. कॉन्स्टंट फोर्स (एका बाजूचं ठरावीक बळ) व्यवस्थित चालतो. स्प्रिंग (मध्याकडे ओढणारं बळ) हलका ठेवला तर ठीक, ताठ केला की हात सोडल्यावर चाक मध्याभोवती आपोआप डावी-उजवीकडे झुलत राहतं.
२. डॅम्पर (वेगाला अडवणारं बळ) लावून चाक सावकाश फिरवलं की खिसणीवर हात फिरवल्यासारखी खरखर जाणवते. जोरात फिरवलं तर खरखर जवळजवळ नाही.
३. मोटर सतत चिरकते. पीडब्ल्यूएम (मोटरला वीज झपाट्याने चालू-बंद करून देणं) ९ आणि १० नंबरच्या पिनवर, साध्या अ‍ॅनालॉगराइटने.
४. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये वळणात छान वाटतं, पण सरळ रस्त्यावर हात सैल केले की चाक थरथरायला लागतं. गेन (बळाचं प्रमाण) १०० वर ठेवला तर कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) आणि वळण यांतला फरकच कळत नाही.
५. लिनक्सवर काही वेळा इफेक्ट सुरू होतो आणि त्याच क्षणी संपतो.

मुख्य लूप साधारण ४ मिलिसेकंदांनी एकदा फिरतो. पेडल वाचणं आणि सिरियलवर डीबग छापणं त्यातच आहे.

मूळ शंका अशी की स्प्रिंग किंवा डॅम्परचा हिशेब गेमने करून पाठवायचा असतो, विंडोजचा ड्रायव्हर करतो, की बोर्डानेच करायचा? आणि सगळे इफेक्ट लिहिणं खरंच गरजेचं आहे का?

---

टॉर्कवाला

तुमच्या पाचपैकी निदान तीन तक्रारींचं मूळ या शेवटच्या प्रश्नातच आहे, म्हणून आधी तो.

यूएसबीवरून जातं ते बळाचं तयार सिग्नल नसतं, जाते ती सूचना. "या प्रकारचा इफेक्ट, इतका वेळ, या मापांनी चालव." त्या सूचनेपासून प्रत्येक क्षणाचं बळ काढायचं काम कुणीतरी करावंच लागतं, आणि पीआयडी पाळणाऱ्या चाकात ते काम बोर्डाचं आहे. तुमच्या बाबतीत विंडोजचा ड्रायव्हर फक्त भाषांतर करतो: गेमने डायरेक्टइनपुटमधून (विंडोजची गेम कंट्रोलरसाठीची सोय) जे मागितलं ते एचआयडी रिपोर्टमध्ये (यूएसबी इनपुट उपकरणांशी बोलायचे ठरलेले संदेश) बसवून पुढे ढकलतो. डायरेक्टइनपुटची मापं (बळ −१०००० ते १००००, वेळ मायक्रोसेकंदात, दिशा अंशाच्या शंभराव्या भागात) तुमच्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहिलेल्या कमाल-किमान मर्यादांत बसवली जातात. बाकी हिशेब तो करत नाही.

क्रम ध्यानात ठेवा. गेम इफेक्ट बनवतो तेव्हा होस्टकडून "क्रिएट न्यू इफेक्ट" हा फीचर रिपोर्ट येतो. लगेच होस्ट "ब्लॉक लोड" वाचतो. तिथे तुम्ही ब्लॉकचा क्रमांक आणि यश किंवा "जागा संपली" असं उत्तर द्यायचं. मग "सेट इफेक्ट" (प्रकार, कालावधी, गेन, दिशा, सुरू होण्याआधीचा विलंब), त्या प्रकाराची स्वतःची मापं, आणि शेवटी "इफेक्ट ऑपरेशन" म्हणजे सुरू किंवा बंद. कॉन्स्टंटसाठी गेम पुढे फक्त "सेट कॉन्स्टंट फोर्स" पाठवत राहतो, बाकीचं पुन्हा येईलच असं नाही. काही गेम दर वेळी "सुरू" ही सूचनाही पुन्हा पाठवतात. इथे फर्मवेअरने इफेक्टचं घड्याळ शून्यावर आणलं आणि एन्व्हलप (बळाचा चढ-उतार) लिहिलेलं असेल, तर अटॅकचा, म्हणजे सुरुवातीच्या चढाचा टप्पा दर वेळी नव्याने सुरू होतो आणि बळ कधी पूर्ण चढतच नाही. चालू असलेल्या इफेक्टला "सुरू" आलं तर अटॅक पुन्हा खेळवू नका.

आता प्रकार. माझ्या मते यांचे दोनच गट पाडावेत. कॉन्स्टंट, रॅम्प आणि साइन-स्क्वेअर-ट्रँगल-सॉटूथ हे सगळे फक्त वेळेवर अवलंबून: चाक कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुसरा गट कंडिशनचा. स्प्रिंग चाकाची जागा बघतो, डॅम्पर वेग, इनर्शिया त्वरण, आणि फ्रिक्शन फक्त हालचाल होतेय की नाही आणि कुठल्या दिशेने. कंडिशनची मापं एकसारखी असतात: मध्यबिंदू, धन आणि ऋण बाजूचा गुणांक, दोन्ही बाजूंचं सॅच्युरेशन (बळाची कमाल मर्यादा), आणि डेडबँड (मध्याभोवतीचा बळ नसलेला पट्टा). स्प्रिंगचं बळ म्हणजे डेडबँडच्या बाहेर गेलेलं अंतर गुणिले त्या बाजूचा गुणांक, उलट्या चिन्हाने, आणि सॅच्युरेशनला कापलेलं.

कंडिशन बोर्डावर का ठेवले, हे आकड्यांत बघा. संगणकीय स्प्रिंग स्थिर राहायला चाकाचं स्वतःचं यांत्रिक ओलसरपण (तेच डॅम्पिंग) किमान के × टी ÷ २ इतकं असावं लागतं. के म्हणजे ताठपणा, टी म्हणजे हिशेबाचा कालखंड. तुमचं कमाल ५ न्यूटन-मीटर १० अंशांत गाठायचं असेल तर के सुमारे २८.६ न्यूटन-मीटर प्रति रेडियन. लूप १ मिलिसेकंदाचा असेल तर गरज ०.०१४ ची. तुमच्या ४ मिलिसेकंदांना ०.०५७. हेच काम एखाद्या गेमने ६० हर्ट्झने कॉन्स्टंट पाठवून केलं, तर ०.२४ च्या आसपास: म्हणजे सेकंदाला एक फेरी या वेगाला चाक स्वतःच दीड न्यूटन-मीटर अडवणारं हवं. बेल्टच्या हलक्या चाकात एवढा अडथळा नसतो, आणि असावा असंही कुणाला वाटणार नाही.

म्हणजे तुमचा झुलणारा स्प्रिंग हा गुणांकाचा दोष नाही, लूपचा आहे. बळाचा हिशेब मुख्य लूपमधून बाहेर काढा आणि १ मिलिसेकंदाला बांधा. लिओनार्डोत टायमर३ मोकळा असतो: सीटीसी मोड, प्रीस्केलर ६४, तुलनेचा आकडा २४९, म्हणजे बरोबर १००० हर्ट्झ. त्या इंटरप्टमध्ये फक्त फ्लॅग उभा करा, नाहीतर एन्कोडरचे काउंट बुडतील. सिरियल डीबग बंदच ठेवा. फ्लोट टाळा, ३२ बिटांचे पूर्णांक पुरतात. साइनसाठी फ्लॅशमध्ये २५६ आकड्यांचं कोष्टक ठेवलं की झालं.

सगळे इफेक्ट हवेत का? गेम सुरुवातीला विचारतो, "काय काय येतं?" यादीत नसलेलं काही गेम गुपचूप सोडून देतात, काही फोर्स फीडबॅकच बंद करतात. कॉन्स्टंट, स्प्रिंग, डॅम्पर, फ्रिक्शन आणि साइन आधी. मग स्क्वेअर, ट्रँगल, सॉटूथ (साइन जमलं की हे तासाभराचं काम). इनर्शिया शेवटी, कारण दोनदा फरक घेतलेला एन्कोडर म्हणजे निव्वळ गोंगाट. कस्टम फोर्स सोडून द्या.

---

पुलीपट्टा

टॉर्कवाला यांच्याशी सहमत. मी खरखर, चिरकणं आणि वीज या तिघांवर लिहितो.

खरखर: २४०० काउंट म्हणजे एक काउंट ०.१५ अंशाचा. दर मिलिसेकंदाला आधीच्या जागेशी वजाबाकी करून वेग काढला, तर तुमच्या फर्मवेअरला दिसू शकणारा सगळ्यात कमी वेग सेकंदाला १५० अंश. चाक तुम्ही ६० अंशांच्या वेगाने फिरवताय, तर डॅम्परला दिसतं ०, १५०, ०, ०, १५०, ०, १५०. त्याच प्रमाणात तो मोटरला झटके देतो आणि ते हाताला लागतात. जोरात फिरवल्यावर हे का थांबतं तेही यातच आलं. आणखी एक सांगतो: लूप ४ वरून १ मिलिसेकंदावर आणलात की स्प्रिंग सुधारेल, पण डॅम्परची खरखर चौपट होईल, कारण सध्या तुमची पायरी ३७.५ अंशांची आहे. ते बघून लूप पुन्हा हळू करू नका.

उपाय दोन. पहिला फर्मवेअरमधला: शेवटच्या १६ जागा रिंग बफरमध्ये ठेवा आणि आत्ताच्या जागेतून १६ मिलिसेकंदांपूर्वीची वजा करा. पायरी ९.४ अंश प्रति सेकंदावर येते. किंमत म्हणजे सरासरी ८ मिलिसेकंदांचा उशीर, आणि उशिरा येणारं डॅम्पिंग एका मर्यादेनंतर स्वतःच थरथर सुरू करतं. साधा लो-पास लावला तरी सुटका नाही: ३० हर्ट्झचा फिल्टर ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर आणतोच.

दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे: एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर हलवा. १:६ मुळे रिमच्या एका फेरीला १४४०० काउंट होतात, काउंट ०.०२५ अंशाचा, आणि ४ मिलिसेकंदांच्या खिडकीतही पायरी सव्वासहा अंशांची. उशीर फक्त २. शिवाय बळ जिथे लागतं तिथेच मोजमाप होतं, त्यामुळे बेल्टची लवचीकता लूपमधून बाहेर पडते आणि स्प्रिंगही जास्त ताठ करता येतो. तोटा असा की बेल्ट सैल असेल किंवा दात सरकला तर मध्य हलतो. बेल्टचा ताण नीट ठेवा आणि शाफ्टवर मध्याची खूण म्हणून एक हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) बसवा.

असं केलंत तर इंटरप्ट वाढतात. सेकंदाला दोन फेऱ्या फिरवलं की २८८००, म्हणजे १६ मेगाहर्ट्झवर दोन इंटरप्टांमध्ये साधारण ५५५ सायकल. डिजिटलरीड वापरू नका, पोर्ट रजिस्टर थेट वाचा. आधीची आणि आत्ताची अवस्था मिळून १६ खणांचं कोष्टक पुरतं.

चिरकणं: लिओनार्डोवर ९ आणि १० या पिनांचा अ‍ॅनालॉगराइट ४९० हर्ट्झचा असतो, तोच ऐकू येतोय. टायमर१ फेज-करेक्ट मोडमध्ये घ्या, प्रीस्केलर १, आयसीआर१ (टायमरची कमाल ठरवणारं रजिस्टर) मध्ये ४००. बरोबर २० किलोहर्ट्झ मिळतात आणि ४०० पायऱ्याही. बीटीएस७९६० ची मर्यादा २५ किलोहर्ट्झ आहे, त्यापुढे नको; बोर्ड तापतो.

याच बोर्डाची एक खोड सांगून ठेवतो. दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य आणि दोन्ही एनेबल चालू असतील, तेव्हा खालचे दोन्ही स्विच जोडलेले राहतात, म्हणजे मोटरची दोन टोकं एकमेकांना शॉर्ट होतात. इफेक्ट शून्य असूनही चाक जड लागतं ते त्यामुळे. हे नैसर्गिक डॅम्पिंग आहे आणि स्प्रिंगला त्याचा आधारच मिळतो. म्हणून चालू असताना ते राहू द्या. "अ‍ॅक्च्युएटर बंद" आल्यावर मात्र एनेबलही खाली ओढा. आणि मोटरचा टॉर्क विद्युतप्रवाहावर ठरतो, तुम्ही देताय ते व्होल्टेज. वेग वाढला की उलटी ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते विरुद्ध व्होल्टेज) टॉर्क खाते, त्यामुळे झपकन फिरणाऱ्या चाकात बळ कमी भासतं. ते दुरुस्त करायला प्रवाह मोजणारा लूप लागतो; या बोर्डावर त्याच्या मागे लागू नका.

वीज: चाक जोरात उलट फिरवलं की मोटर जनरेटर होते आणि २४ व्होल्टची लाइन वर चढते. एसएमपीएस संरक्षणात जाऊन बंद पडतो, किंवा बोर्ड २७ व्होल्टच्या पलीकडे जातो. सप्लायवर ३५ व्होल्ट किंवा जास्तीचा मोठा कॅपॅसिटर लावाच. तरी एसएमपीएस ट्रिप होत असेल तर ब्रेक रेझिस्टर. आणीबाणीचं बटण २४ व्होल्टच्या वायरीत बसवा, यूएसबीत नव्हे. स्प्रिंगचं चिन्ह चुकलं तर चाक मध्याकडे येण्याऐवजी टोकाला धावतं. पहिल्या चाचणीला कमाल बळ १५ टक्क्यांवर कापून ठेवा आणि अंगठे रिमच्या बाहेर ठेवा.

---

कर्नलवाचक

लिनक्सच्या पाचव्या मुद्द्याचं कारण बहुधा कालावधी आहे. लिनक्सच्या इफेक्टमध्ये कालावधी ० म्हणजे अखंड. पीआयडीत अखंडसाठी १६ बिटांची कमाल किंमत, ६५५३५. कर्नलमधला एचआयडी-पीआयडीएफएफ ड्रायव्हर पूर्वी ते शून्य तसंच पुढे पाठवायचा, आणि मानक काटेकोर पाळणारं फर्मवेअर "शून्य मिलिसेकंद" समजून इफेक्ट संपवायचं. ६.१५ या कर्नलमध्ये हे दुरुस्त झालं. त्याच आवृत्तीत युनिव्हर्सल-पीआयडीएफएफ आला, मोझा, कॅमस वगैरेंच्या चाकांच्या डिस्क्रिप्टरमध्ये एखादं फील्ड (उदा. सुरुवातीचा विलंब) नसलं तरी तो सांभाळून घेतो. जुन्या कर्नलसाठी तुमच्या फर्मवेअरमध्ये ०, ६५५३५ आणि डिस्क्रिप्टरमधली कमाल किंमत (बरेच जण ३२७६७ ठेवतात) हे तिन्ही अखंड माना. विंडोजवर याचा काही तोटा नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाला लिनक्सचे ड्रायव्हर चांगलं उत्तर देतात, कारण तिथे तिन्ही रचना शेजारीशेजारी दिसतात.

लॉजिटेक जी२७, जी२९ चा कर्नलमधला एलजी४एफएफ ड्रायव्हर फक्त कॉन्स्टंट आणि ऑटोसेंटर देतो. चाकाला ७ बाइटांचा आदेश जातो. कॉन्स्टंटसाठी पहिले दोन बाइट हेक्समध्ये ११ आणि ०८, आणि तिसऱ्यात बळ: ० ते २५५, मध्य १२८. म्हणजे एका बाजूला जेमतेम १२७ पायऱ्या. चाकात चार स्लॉट असतात, हा ड्रायव्हर कॉन्स्टंटसाठी त्यातला एकच वापरतो. स्प्रिंग-डॅम्पर मागणारा गेम यावर निम्माच बोलतो.

कर्नलबाहेरचा न्यू-एलजी४एफएफ त्याच चाकांसाठी बाकीचे इफेक्टही देतो. साइन, रॅम्प वगैरेंची बेरीज संगणकावर टायमरने करतो, डीफॉल्ट २ मिलिसेकंद. हा टायमर १ वर आणून फायदा होत नाही, चाक त्या गतीने आदेश घेतच नाही. सिसएफएसमध्ये (लिनक्समध्ये ड्रायव्हरची सेटिंग दिसतात ती जागा) स्प्रिंग, डॅम्पर आणि फ्रिक्शनच्या पातळ्या वेगळ्या मिळतात, सुरुवातीला तिन्ही ३० वर. शिवाय चाकावरचे एलईडी फोर्स मीटर म्हणून वापरायची सोय आहे; कमी टॉर्कच्या चाकात क्लिपिंग (बळ कमाल मर्यादेला टेकून वरचं कापलं जाणं) पकडायला याहून सोपं काही नाही.

तिसरी रचना जी९२० ची. दिसायला जी२९ चा भाऊ, पण तो एचआयडी++ (लॉजिटेकची स्वतःची भाषा) बोलतो: इफेक्ट चाकाच्या फर्मवेअरमध्ये अपलोड होतात आणि तिथेच चालतात. तुमचं पीआयडी याच जातीचं.

तपासायला "जॉयस्टिक" पॅकेजमधला एफएफटेस्ट घ्या. त्याला चाकाचा इव्हेंट नोड द्या (बाय-आयडी फोल्डरमधलं नाव वापरा, क्रमांक बदलतो). आधी तो चाक काय काय देतं आणि एका वेळी किती इफेक्ट मावतात ते छापतो, मग ० साइन, १ कॉन्स्टंट, २ स्प्रिंग, ३ डॅम्पर. ४ आणि ५ रंबल आहेत. चाकावर ते नाकारले गेले तर बिघाड समजू नका. एफएफटेस्टमध्ये नीट आणि गेममध्ये वाईट, तर दोष गेमच्या मापांत किंवा वाटेतल्या थरात शोधा. दोन्हीकडे वाईट, तर फर्मवेअर.

दिशेचंही बघा. लिनक्समध्ये ९० अंश म्हणजे डावं, २७० म्हणजे उजवं. कॉन्स्टंटचं चिन्ह बळातही असतं आणि दिशेतही. दोन्ही गुणायचे, एकच धरला तर काही गेममध्ये चाक उलटं ओढतं. कंडिशनला मात्र दिशा लावू नका.

आणि ब्लॉक फ्री (संपलेल्या इफेक्टची जागा मोकळी करणं) नीट लिहा. काही गेम इफेक्ट बदलण्याऐवजी दर वेळी नवा बनवतात. २.५ केबी रॅममध्ये दहा-पंधरा ब्लॉक मावतील. ते परत मिळाले नाहीत तर काही मिनिटांत "जागा संपली" आणि चाक मुकं.

---

घाटवळण

तिघांचे आभार. लूप १ मिलिसेकंदावर आणून बघितला, ६० अंशांचा हिशेब सिरियलवर काढलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळतो: ० आणि १५० चं तेच मिश्रण दिसतं. एन्कोडर मोटरवर हलवतो.

दोन शंका उरल्या. फ्रिक्शन इफेक्टमध्ये चाक थांबलेलं असताना मोटर गुरगुरते. आणि असेटोचं काय करायचं?

---

पुलीपट्टा

फ्रिक्शन "वेगाचं चिन्ह गुणिले बळ" असं लिहिलं असणार. शून्याजवळ एन्कोडर एक काउंट पुढे-मागे झाला तरी पूर्ण बळ या बाजूचं त्या बाजूला उडी मारतं. शून्याभोवती एक पट्टा ठेवा, समजा सेकंदाला २० अंश, आणि त्यात बळ वेगाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढवा. पट्टा तुमच्या वेगमापनाच्या पायरीच्या किमान तिप्पट हवा, नाहीतर गुरगुर तशीच. म्हणून आधी एन्कोडर हलवा, मग फ्रिक्शन.

---

कर्बकट्टा

असेटोबद्दल लिहितो. हा गेम टायर आणि सस्पेन्शनमधून स्टिअरिंगवर येणारं बळ ३३३ हर्ट्झच्या फिजिक्समधून काढतो आणि एकाच कॉन्स्टंट इफेक्टमधून पाठवतो. स्प्रिंग-डॅम्परवर त्याची भिस्त नाही. म्हणून तुमचा बोर्डावरचा डॅम्पर कितीही सुबक झाला तरी गेमने मागितल्याशिवाय सरळ रस्त्यावर तो मदतीला येत नाही.

सरळ रस्त्यावरच्या थरथरीचं कारण स्प्रिंगसारखंच आहे. टायर चाकाला मध्याकडे ओढतो, पण जागा गेमपर्यंत पोचून बळ परत येईपर्यंत वेळ जातो, तोवर चाक मध्य ओलांडून पुढे गेलेलं असतं. हात रिमवर असले की तेच डॅम्पिंगचं काम करतात. हात पूर्ण सोडल्यावर थोडं झुलणं महागड्या डायरेक्ट ड्राइव्ह चाकांतही दिसतं, ते शून्यावर आणायच्या मागे लागू नका. सैल हातांनी थरथर येत असेल तर मात्र आधी वाटेतला उशीर कमी करा.

आर्डुइनोच्या मूळ एचआयडी लायब्ररीत फक्त इन एंडपॉइंट (बोर्डाकडून संगणकाकडे जाणारी यूएसबीची वाट) असतो. होस्टकडून येणारे रिपोर्ट कंट्रोल एंडपॉइंटवरून येतात. वेगळा इंटरप्ट आउट एंडपॉइंट द्या आणि बीइंटरव्हल (होस्टने किती मिलिसेकंदांनी संपर्क करायचा तो आकडा) १ ठेवा. दर लूपला बफरमधले सगळे रिपोर्ट उपसा, एकेक नको. ४ मिलिसेकंदांच्या लूपमध्ये एकेक रिपोर्ट वाचलात तर ३ मिलिसेकंदांनी येणारा गेम सतत तुमच्या पुढे राहतो आणि रांग साचत जाते. ही एकच दुरुस्ती बऱ्याचदा थरथर निम्मी करते.

त्यानंतर फर्मवेअरमध्ये एक कायमचा, गेमपासून स्वतंत्र असा हलका डॅम्पर ठेवा. फॅनाटेकमध्ये नॅचरल डॅम्पर म्हणून जे सेटिंग असतं ते हेच. गेम मागेल तो डॅम्पर तिथे डीपीआर या वेगळ्या नावाने येतो. कमाल बळाच्या ५ टक्क्यांपासून सुरू करा आणि थरथर थांबेल तिथेच थांबा. पुढे गेलात की घसरणाऱ्या गाडीला काउंटर देताना चाक हातात मागे राहतं, आणि टायर सुटल्याचा तो बारीक हलकेपणा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच पुसला जातो.

गेन १०० ला कर्ब आणि वळण सारखे लागणं म्हणजे क्लिपिंग. वळणातच बळ १०००० ला टेकलं, तर कर्बचा धक्का बसायला वर जागा उरत नाही. गेममधल्या पेडल्स अ‍ॅपमध्ये फोर्सची पट्टी करडी असते आणि क्लिप झाली की लाल होते. लांब, वेगवान वळणात ती लाल राहत असेल तर न्यूमरिक कीपॅडच्या वजाने त्या गाडीचा गेन उतरवा, फक्त कर्बवर क्षणभर लाल होईपर्यंत. हा आकडा गाडीगणिक वेगळा येतो, म्हणून मुख्य गेन एकदा ठरवून हलवू नका. कर्ब, रोड आणि स्लिप हे तीन इफेक्ट वरून मिसळलेले आहेत, फिजिक्समधून आलेले नाहीत. चाक तपासताना तिन्ही ० ठेवा.

मिनिमम फोर्सही (गेमचं बारीक बळ वर उचलणारं सेटिंग) ० ठेवा. गिअरच्या चाकांमध्ये (जी२९ धरून) बारीक बळ गिअरच्या घर्षणातच मुरतं, त्यांना त्याची गरज असते. बेल्टच्या तुमच्या चाकात तो वाढवला की मध्यापाशी बळ एका बाजूच्या किमान आकड्यावरून थेट दुसऱ्या बाजूच्या किमान आकड्यावर उडी मारतं, म्हणजे पुलीपट्टांनी फ्रिक्शनबद्दल सांगितलेलाच आजार पुन्हा. किती लागतो ते अंदाजाने ठरवू नका: व्हीलचेक या चाक तपासायच्या प्रोग्राममधली लीनिअर चाचणी चालवा, ती बळ पायरीपायरीने वाढवत चाक किती हललं ते फाइलमध्ये लिहिते. पहिल्या किती पायऱ्यांना चाक हललंच नाही ते बघा. दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर त्या फाइलवरून लट जनरेटरने वक्र (लट म्हणजे मागितलेल्या बळाला प्रत्यक्ष द्यायचं बळ सांगणारं कोष्टक) बनवा, असेटोच्या सीएफजी फोल्डरमध्ये ठेवा, आणि एफएफ-पोस्ट-प्रोसेसच्या आयएनआय फाइलमध्ये एनेबल्ड १, प्रकार लट आणि त्या फाइलचं नाव द्या. लट लावलात तर मिनिमम फोर्स ० च राहू द्या, दोन्ही मिळून दुप्पट भरपाई होते.

---

टॉर्कवाला

कर्बकट्टांच्या क्लिपिंगला फर्मवेअरची बाजू जोडतो. प्रत्येक इफेक्टला त्याच्या गेनने गुणा, सगळ्यांची बेरीज ३२ बिटांत करा, मग डिव्हाइस गेन, आणि कापाकापी शेवटी एकदाच. प्रत्येक इफेक्ट वेगळा कापून मग बेरीज केली तर ८००० चा कॉन्स्टंट आणि ६००० चा साइन मिळून १४००० होतात आणि पीडब्ल्यूएमचं रजिस्टर उलटून बळ एका झटक्यात भलत्या बाजूला जाऊ शकतं. तुमचा कायमचा डॅम्पर मात्र या बेरजेत घालू नका. गेमचं बळ आधी ९० टक्क्यांवर कापा, डॅम्पर त्यानंतर मिळवा. नाहीतर गेम क्लिप होतो नेमक्या त्या क्षणी डॅम्परला जागा उरत नाही, आणि चाक आवरायची गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

डायरेक्टइनपुटचं एक राहिलं: फोर्स फीडबॅकसाठी गेमला चाकाचा एकट्याचा ताबा लागतो. ऑल्ट-टॅब केलं की ताबा सुटतो आणि होस्ट सगळे इफेक्ट थांबवतो किंवा चाक रीसेट करतो. रीसेट आलं की सगळे ब्लॉक मोकळे करा आणि बळ शून्य. परत आल्यावर गेम नव्याने अपलोड करतो. संगणक झोपला किंवा (बोर्डाला यूएसबीबाहेरून वीज मिळत असताना) केबल निघाली तर रिपोर्ट येतच नाही, आणि शेवटचा कॉन्स्टंट तसाच मोटरवर चालू राहतो. यूएसबी सस्पेंडवर एनेबल खाली ओढणारा कोड कायमचा डॅम्पर लिहिण्याआधी लिहा.